वऱ्हाड निघालंय लंडनला

'वऱ्हाड निघालंय लंडनला' हे प्रा. लक्ष्मण देशपांडे (१९४३–२००९) यांनी लिहिलेले, दिग्दर्शित केलेले आणि एकट्याने सादर केलेले मराठी विनोदी नाटक आहे. १९७९ साली ते रंगमंचावर आले. मराठवाड्यातील एका खेड्यातील कुटुंब मुलाच्या लग्नासाठी विमानाने लंडनला जाते आणि गावाकडच्या चालीरीती, बोली व समजुती यांची तेथील व्यवहाराशी गाठ पडते, हा या नाटकाचा विषय होय. सुमारे तीन तासांच्या या प्रयोगात देशपांडे बावन्न व्यक्तिरेखा उभ्या करीत असत. या नाटकाची नोंद गिनीज बुक ऑफ वर्ल्ड रेकॉर्ड्समध्ये झाली आहे. देशपांडे यांच्या निधनानंतर अभिनेते संदीप पाठक यांनी हे नाटक पुन्हा रंगभूमीवर आणले.

नाव

नाटकाच्या नावातील 'वऱ्हाड' या शब्दाने, विशेषतः विदर्भातील वाचकाचा, गोंधळ होण्याची शक्यता असते. मराठीत वऱ्हाड या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पहिला अर्थ लग्नासाठी निघालेली वरपक्षाकडील वा वधूपक्षाकडील मंडळी. दुसरा अर्थ पश्चिम विदर्भाचा प्रांत. त्यात अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम व यवतमाळ हे जिल्हे येतात. ब्रिटिश अमदानीत हाच प्रांत बेरार या नावाने ओळखला जाई. नाटकातील वऱ्हाड पहिल्या अर्थाचे आहे. ते वऱ्हाड प्रांतातून निघत नाही, मराठवाड्यातून निघते.

हे नावाच्या व्याकरणावरूनही कळते. यवतमाळ किंवा अकोल्याच्या बोलीत 'ला' या प्रत्ययाऐवजी 'ले' हा प्रत्यय येतो. तेथे 'मला' न म्हणता 'मले' आणि 'गावाला' न म्हणता 'गावाले' म्हणतात. हे वऱ्हाड खरोखरच वऱ्हाडातले असते, तर ते 'लंडनले' निघाले असते. 'निघालंय' हे 'निघाले आहे' याचे बोलण्यातील संक्षिप्त रूप असून वऱ्हाड हा शब्द नपुंसकलिंगी असल्याने क्रियापदही तसेच चालते. एवढे असूनही हे नाटक 'वऱ्हाडी बोलीतील' असल्याचा उल्लेख अधूनमधून आढळतो. तो चुकीचा आहे.

लेखक व काळ

लक्ष्मण देशपांडे औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात प्राध्यापक व विभागप्रमुख होते. १९५८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने मराठवाड्यातील पहिल्या पिढीच्या शिक्षितांना मुंबई-पुण्याकडे न जाताही नाटकाचे शिक्षण घेण्याची सोय करून दिली. त्यापूर्वी हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले, तेव्हा मराठी रंगभूमीची ठळक परंपरा मुंबई, पुणे, सांगली, कोल्हापूर या भागांत होती. व्यावसायिक नाटकाची भाषाही तिकडचीच होती. मराठवाड्याचा माणूस त्या रंगमंचावर क्वचित दिसे, आणि दिसला तर गडी किंवा गावंढळ पाहुणा म्हणून दिसे.

मराठीतील एकपात्री प्रयोगाला मोठी प्रतिष्ठा पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' या प्रयोगाने (१९६१) मिळवून दिली होती. एक नट, अनेक माणसे आणि जवळजवळ रिकामा रंगमंच हा नमुना त्यामुळे प्रेक्षकांच्या ओळखीचा झाला होता. चाळीतले भ्रमणमंडळ प्रवासाला निघते ते मुंबईहून पुण्याला. तरीही त्या प्रवासात जगप्रवासाला पुरतील इतके घोटाळे होतात. याचा अर्थ असा की प्रवासाच्या विनोदाला अंतर फारसे लागत नाही. आपल्या घरची शिस्त दुसऱ्याच्या दारात लागू करू पाहणारी माणसे तेवढी लागतात. लक्ष्मण देशपांडे यांनी हा नमुना घेतला, पण त्यातील मध्यमवर्गीय, पांढरपेशी माणसे काढून त्या जागी शेतकरी व गावगाड्यातील माणसे आणली. प्रवासाचे अंतरही वाढवले.

कथानक

कथानक थोडक्यात सांगता येण्याजोगे आहे. गावातील एका कुटुंबाचा मुलगा लंडनला राहतो. त्याचे लग्न एका इंग्रज मुलीशी ठरते आणि लग्न लंडनमध्येच व्हायचे असते. बातमी गावात येते. जायचे कोणी, न्यायचे काय, व्याह्यांशी बोलायचे कसे, यावर घरात आणि गावात खल होतो. मग वऱ्हाड निघते, विमानात बसते, लंडनला पोहोचते आणि लग्न लागते. नाटकाचा मोठा भाग निघण्याच्या तयारीत आणि प्रवासात जातो. विमानप्रवास हा प्रयोगातील सर्वांत गाजलेला भाग मानला जातो.

कथानकात कारस्थान नाही, खलनायक नाही आणि लग्न मोडेल की काय अशी भीतीही फारशी नाही. सगळा भार माणसांच्या बोलण्यावर व वागण्यावर आहे. त्यामुळे संहिता वाचताना काही भाग सपाट वाटतात. हे पुस्तक वाचण्यापेक्षा ऐकण्याचे अधिक आहे. ध्वनिफितींवर वाढलेल्या पिढीला ते ऐकूनच पाठ झाले, ही गोष्ट या नाटकाच्या स्वभावाला धरून आहे.

गैरसमजांचे स्वरूप

नाटकातील विनोद सांस्कृतिक गैरसमजांवर उभा आहे. मात्र 'गावच्या माणसाला काही कळत नाही' एवढेच त्याचे सूत्र नाही. प्रेक्षकाला हसू येते ते बहुधा गावकऱ्याच्या तर्काचे. तो तर्क आपल्या जागी पूर्ण बरोबर असतो, फक्त जागा बदललेली असते.

यासाठी ग्रामीण महाराष्ट्रातील लग्नाची रीत ध्यानात घ्यावी लागते. लग्न हा दोन व्यक्तींचा करार नसून दोन घराण्यांचा, किंबहुना दोन गावांचा व्यवहार असतो. वऱ्हाडाने कोठे उतरायचे, पाय कोणी धुवायचे, पहिली पंगत कोणाची, आहेर कोणाला किती, विहिणीचा मान कसा राखायचा, या प्रत्येक गोष्टीचे अलिखित नियम असतात आणि त्यातील एक चुकला तरी रुसवाफुगवा होतो. रुसणे हासुद्धा विधीचाच भाग असतो. रुसणाऱ्याला समजूत घातली जाईल याची खात्री असते, म्हणून तो रुसतो. आता समोरच्या पक्षाला हे नियमच ठाऊक नाहीत अशी कल्पना केली, म्हणजे रुसण्याला अर्थ उरत नाही. रागावलेल्या पाहुण्याची समजूत काढायला कोणी येणारच नाही. अशी माणसे परक्या देशात नेली की विनोद आपोआप निर्माण होतो आणि त्यासाठी कोणाला मूर्ख ठरवावे लागत नाही.

वाहनाबाबतही हेच घडते. खेड्यातील माणसाला गर्दीचे वाहन म्हणजे एस. टी. ठाऊक असते. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणे, ओळखीच्या माणसासाठी गाडी थांबवायला लावणे, शेजाऱ्याला गाव-नाव-जात विचारणे, शिदोरी सोडून भोवतालच्यांना घास देणे हे एस. टी.चे शिष्टाचार आहेत. विमानाला ते लावले तर हसू येते. पण प्रवाशाने सहप्रवाशाशी बोलावे आणि आपल्यातले खायला द्यावे, यात चूक काय, असा प्रश्नही मागे राहतो. विमानातला अबोलपणा तेवढा सभ्य आणि एस. टी.तला कलकलाट तेवढा असभ्य, हे कोणी ठरवले, ही शंका नाटक मोठ्याने विचारत नाही. ती प्रेक्षकाच्या मनात रेंगाळते.

भाषा

नाटकाची बोली मराठवाड्याची आहे. या बोलीत शब्दारंभीचा 'वि' किंवा 'वी' पुष्कळदा नुसता 'इ' वा 'ई' होतो. विहीर ही इहीर होते आणि वीस हे ईस. त्याच न्यायाने विमान हे 'इमान' होते. मराठीत इमान हा शब्द निष्ठा या अर्थाने आधीच आहे. त्यामुळे 'इमानात बसणे' या साध्या वाक्याला न मागता दुसरा अर्थ चिकटतो. असे विनोद रचावे लागत नाहीत, बोलीतच तयार असतात. लेखकाला फक्त कान हवा.

शिवाय या बोलीत उर्दूचा भरणा आहे. निजामाच्या राजवटीत कचेरी, शाळा, पोलीस व न्यायालय यांच्याशी आलेला संबंध उर्दूतून आला आणि ते शब्द शेतकऱ्याच्या तोंडी रुळले. इंग्रजी शब्द त्यामानाने उशिरा आले. परक्या शब्दाला आपल्या तोंडाच्या मापाचा करून घेण्याची सवय या बोलीला शतकानुशतके आहे. इंग्रजी नावांची जी मोडतोड होते तीही या सवयीचाच पुढचा भाग आहे. प्रमाणभाषेने 'लॅन्टर्न'चे लालटेन केले तेव्हा त्यास कोणी विनोद म्हटले नव्हते.

मराठवाडी व वऱ्हाडी या बोली शेजारच्या असल्या तरी वेगळ्या आहेत. पैनगंगा नदीच्या अलीकडे यवतमाळ जिल्ह्यातील पुसद-उमरखेड आणि पलीकडे हिंगोली-नांदेड अशी रचना असल्याने सीमेवरच्या गावांत त्या एकमेकींत मिसळतात. 'का' या अर्थी मराठवाड्यात 'कामून' तर वऱ्हाडात 'काऊन' ऐकू येते. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो, म्हणून डोळा हा 'डोया' आणि काळा हा 'काया' होतो. यवतमाळकडच्या प्रेक्षकाला हे नाटक आपले वाटते ते बोली तीच असल्याने नव्हे. आपल्याही बोलीला शहरात असेच हसतात, हा अनुभव दोघांचा सारखा आहे.

ग्राम्यतेचा प्रश्न

या नाटकाविषयी सर्वाधिक वाद होण्याजोगा मुद्दा त्यातील ग्राम्यतेचा आहे. संस्कृत काव्यशास्त्राने 'ग्राम्य' हा शब्दाचा दोष मानला. मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त तो दोषांच्या यादीत आहे. म्हणजे गावच्या तोंडचा शब्द काव्यात आला की काव्य बिघडले, असा हा दंडक. मराठीतही 'ग्राम्य' या विशेषणाचा अर्थ 'गावचा' यावरून सरकत 'अश्लील' येथवर गेला. हे अर्थांतर भाषेच्या इतिहासापेक्षा समाजाच्या इतिहासाचा भाग आहे.

दुसऱ्या बाजूला लोकरंगभूमीने ग्राम्यतेला कधी दोष मानले नाही. तमाशातील गवळणीत मावशीचे सोंग पुरुषच करतो, सोंगाड्या राजालाही उलट बोलतो आणि बतावणीत एका शब्दाचे चार अर्थ काढून समोरच्याला चकवले जाते. एकनाथांच्या भारुडांनी तर असली सोंगे घेऊन अध्यात्म सांगितले. चित्रपटात हा वारसा दादा कोंडके यांनी 'सोंगाड्या' (१९७१) पासून पुढे नेला. त्यांच्या विनोदाचा जोर द्व्यर्थी संवादांवर होता. लक्ष्मण देशपांडे यांच्या नाटकात शिव्या आहेत, मोकळे बोलणे आहे, शरीराचे उल्लेखही आहेत. परंतु जोर द्व्यर्थावर नाही. येथे बोलणाऱ्याला एकच अर्थ अभिप्रेत असतो. दुसरा अर्थ जगाने त्याच्यावर लादलेला असतो. हा फरक लहान वाटला तरी दोन्ही विनोदांची चव त्यामुळे बदलते.

तरीही आक्षेप उरतोच. शहरी प्रेक्षागृहात बसलेला प्रेक्षक गावकऱ्याबरोबर हसतो की गावकऱ्याला हसतो? भरताच्या नाट्यशास्त्राने हास्याचे स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा प्रकार सांगितले, त्यांत 'उपहसित'ही आहे. एकाच वाक्याला एका सभागृहात हसित आणि दुसऱ्यात उपहसित मिळू शकते. परभणीच्या प्रेक्षकाला बोलीतील हुबेहूबपणाचा आनंद होतो, तर पुण्याच्या प्रेक्षकाला उच्चारच मुळात गमतीचा वाटतो. लेखकाचा कल कोठे आहे, हे मात्र स्पष्ट आहे. ज्या माणसांमध्ये तो वाढला त्यांच्याविषयी त्याला लाज नाही. या नाटकाचा स्वभाव उपरोधापेक्षा मायेचा आहे, आणि याच मायेमुळे काही जागी ते भाबडेही होते. गावातील जात, कर्ज व भांडणे यांचे खरे ओरखडे या वऱ्हाडाच्या अंगावर दिसत नाहीत.

नाटकाच्या वेळी मराठवाड्यातून खरोखर कोण गाव सोडून निघत होते, हे लक्षात घेतले म्हणजे हा भाबडेपणा अधिक जाणवतो. १९७२ चा भीषण दुष्काळ ताजा होता. बीड, उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या भागांतील कुटुंबे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास संसार बैलगाडीत भरून ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांकडे जात होती. म्हातारी माणसे, लेकरे, भांडी आणि जनावरे यांसह निघालेला तो जथाही दुरून वऱ्हाडासारखाच दिसे. नाटकाने त्याच माणसांना विमानात बसवले. प्रेक्षकांच्या हसण्यात या स्वप्नाचाही वाटा असावा.

सादरीकरण

प्रयोगात नेपथ्य जवळजवळ नसे. एका नटाने एकाच वेशात लहान मूल, तरणा गडी, म्हातारी, पुढारी, गोरा साहेब अशी माणसे दाखवायची, तर त्याला आवाजाची पट्टी, मानेचा कल, पाठीचा बाक आणि नजरेची उंची यांवर विसंबावे लागते. दोन पात्रांचा संवाद असेल तेव्हा नट मान वळवून दोन दिशांना बोलतो. पण त्याहून अवघड असते ती गर्दी. लग्नाच्या घरात एकाच वेळी दहा माणसे बोलत असतात. ती एकट्या कंठातून ऐकवायची, तर प्रत्येकाचे वाक्य अर्ध्यावर तोडून दुसऱ्याच्या वाक्यात घुसवावे लागते आणि तरीही कोण काय म्हणाले हे प्रेक्षकाला कळावे लागते. बावन्न या आकड्याचे कौतुक फार होते. प्रत्यक्षात प्रयोगाची कसोटी आकड्यात नसून या तुटक्या वाक्यांच्या विणीत आहे.

स्त्रीपात्रेही पुरुष नटच करतो. तमाशातील मावशीच्या परंपरेत हे बसते. तथापि म्हातारीचे पात्र थट्टेपुरते उरण्याचा धोका अशा वेळी असतो आणि तो प्रत्येक प्रयोगात टळतोच असे नाही.

प्रयोग व प्रभाव

महाराष्ट्रातील शहरे व गावे, तसेच परदेशातील मराठी मंडळे येथे या नाटकाचे प्रयोग झाले. परदेशात प्रेक्षक वेगळा होता. नाटकातला लंडनवासी मुलगा आता प्रेक्षागृहात बसलेला असे आणि त्याचे गावाकडचे आईवडील रंगमंचावर. आपल्या आईवडिलांच्या पहिल्या विमानप्रवासाची आठवण असलेल्या अशा प्रेक्षकाला हे नाटक निव्वळ फार्स राहत नाही.

जवळपास याच सुमारास, १९८० मध्ये, गंगाराम गवाणकर यांचे मालवणी बोलीतील 'वस्त्रहरण' हे नाटक रंगमंचावर आले आणि मच्छिंद्र कांबळी यांच्यामुळे अफाट लोकप्रिय झाले. वर्षभराच्या अंतराने मराठवाडी आणि मालवणी या दोन बोली विनोदाच्या वाटेने मोठ्या रंगमंचावर पोहोचल्या, हा योगायोग लक्षणीय आहे. गंभीर नाटकाची दारे बोलींना तेव्हा जवळजवळ बंदच होती, विनोदाचे दार मात्र उघडे होते. पुढे मकरंद अनासपुरे यांनी चित्रपटांतून मराठवाडी बोली घराघरांत नेली. तीही विनोदातूनच. बोलीने हसवावे आणि प्रमाणभाषेने रडवावे, ही वाटणी अजून पुरती मोडलेली नाही.

प्रवासवर्णनांशी तुलना

इंग्लंडला गेलेल्या मराठी माणसाची फजिती हा विषय मराठी वाङ्मयाला नवा नव्हता. पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' (१९६०) हे पुस्तक त्याचे सर्वांत वाचले गेलेले उदाहरण होय. मात्र 'अपूर्वाई'तील प्रवासी इंग्रजी वाङ्मय वाचून लंडनला पोहोचलेला आहे. तेथील रस्त्यांची नावे त्याला पुस्तकांतून ठाऊक आहेत. त्याची फजिती ही परिचिताची फजिती आहे. देशपांड्यांच्या वऱ्हाडाला लंडन हे साहेबाचे गाव एवढेच ठाऊक आहे. त्यामुळे ते दबून जात नाही. साहेबाचे ओझे ज्याने शाळेत उचलले नाही, त्याला साहेबाच्या घरी मोकळे बसता येते.

यवतमाळ जिल्ह्यातील समांतर उदाहरणे

खऱ्या वऱ्हाडातून, म्हणजे वऱ्हाड प्रांतातून, लंडनशी जोडली गेलेली दोन उदाहरणे या नाटकाच्या संदर्भात उल्लेखनीय आहेत. दोन्ही यवतमाळ जिल्ह्यातील आहेत.

पहिले रंगमंचावरचे आहे. वऱ्हाडी बोलीचे कवी शंकर बडे (निधन २०१६) हे 'बॅरिस्टर गुलब्या' हा एकपात्री कार्यक्रम सादर करीत. बॅरिस्टर ही पदवी एके काळी लंडनला जाऊनच मिळे आणि गुलब्या हे खास गावठी हाकेचे नाव. हे दोन शब्द शेजारी ठेवताच विनोदाला सुरुवात होते. देशपांडे यांनी माणसे लंडनला नेली. बडे यांच्या शीर्षकात लंडनची प्रतिष्ठाच गावात येऊन गुलब्याच्या नावाला चिकटली आहे.

दुसरे उदाहरण खऱ्या आयुष्यातले असून ते 'लंडनच्या आजीबाई' या नावाने प्रसिद्ध झालेल्या राधाबाई बनारसे यांचे आहे. त्या यवतमाळ जिल्ह्यातील चौसाळा या गावच्या. त्यांना शाळेचे शिक्षण मिळाले नव्हते. वैधव्यानंतर त्यांचा दुसरा विवाह झाला आणि पतीबरोबर त्या लंडनला गेल्या. इंग्रजी येत नव्हते. पतीच्या निधनानंतर परक्या देशात उभे राहण्यासाठी त्यांच्याजवळ जे एक कसब होते ते स्वयंपाकाचे. त्यावर त्यांनी खाणावळ चालवली. महायुद्धानंतरच्या ज्या लंडनमध्ये त्या राहत होत्या, तेथे अन्नाचे शिधावाटप १९५४ पर्यंत चालू होते. शिकायला आलेल्या भारतीय विद्यार्थ्यांना आणि मराठी पाहुण्यांना त्यांच्या घरी आपल्या चवीचे जेवण मिळे. पुढे त्यांनी तेथे स्वतःची मालमत्ता उभी केली. सरोजिनी वैद्य यांनी 'कहाणी लंडनच्या आजीबाईंची' या पुस्तकात (१९९६) त्यांचे चरित्र लिहिले आहे. त्यांच्या जीवनावर मराठी नाटकही आले असून त्यात उषा नाडकर्णी यांनी प्रमुख भूमिका केली.

आजीबाई आणि नाटकातील वऱ्हाड यांची सामग्री एकच आहे. गावची बोली, नऊवारी, इंग्रजीचा अभाव आणि आपली रीत सोडायची नाही हा हट्ट, सारे दोन्हीकडे आहे. फरक परतीचा आहे. वऱ्हाड पाहुणे असते. लग्न लागले की त्याला गावी परतायचे असते, म्हणून त्याचे सर्व गैरसमज क्षम्य ठरतात आणि पुढे सांगण्यासारख्या गमतीजमती होतात. कष्ट करून राहायला गेलेल्या माणसाच्या गैरसमजाचा हिशेब वेगळा असतो. भाडेपट्ट्याचा कागद वाचता आला नाही, दुकानदाराने सांगितलेली रक्कम नीट कळली नाही किंवा सही कशावर केली हे उमगले नाही, तर तेथे हसणारा प्रेक्षक नसतो. मराठी रंगभूमीने परदेशातल्या पाहुण्यावर भरभरून विनोद केला. परदेशात राबणाऱ्या माणसाकडे ती त्यामानाने कमी वळली, आणि वळली तेव्हा बहुधा गंभीर चेहऱ्याने.

नंतरचे प्रयोग

लक्ष्मण देशपांडे यांचे २००९ साली निधन झाले. एका नटाशी इतके एकरूप झालेले नाटक त्याच्याबरोबर संपेल असे वाटणे स्वाभाविक होते. संदीप पाठक यांनी ते पुन्हा उभे केले आणि त्यालाही मोठा प्रतिसाद मिळाला. पाठक हे मूळचे मराठवाड्याचेच, बीड जिल्ह्यातील माजलगावचे आहेत. त्यामुळे बोलीचा कान त्यांना उसना घ्यावा लागला नाही.

मधल्या काळात प्रेक्षक बदलला आहे. मराठवाड्यातील लहान गावांतली मुले संगणक व अभियांत्रिकीच्या नोकऱ्यांसाठी परदेशी जातात, त्यांचे आईवडील नातवंडांच्या बाळंतपणासाठी सहा-सहा महिने तेथे राहून येतात आणि विमानतळावरची रांग त्यांच्या अंगवळणी पडलेली असते. १९७९ साली ज्या अज्ञानाचे हसू येई, त्यातले बरेचसे आता उरलेले नाही. बोलीचे हसू मात्र उरले आहे. आजच्या प्रयोगात प्रेक्षक विमानापेक्षा 'इमान' या उच्चाराला अधिक दाद देतात.